कुंकवाचा फळा

फळ्यावरचं एकूण एक घर लाल झालं होतं. त्यातलं विकलेलं कुठलं आणि शिल्लक कुठलं, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं.

वाशीत शेठची बिल्डिंग उठत होती. नवरा तिथं वॉचमन, मी ऑफिसात चहा करायची. भिंतीवर लाकडी फळा होता, त्यावर प्रत्येक घराचा एक चौकोन. घर विकलं की शेठ त्यात कुंकवाचा टिळा लावी. चौकोन कोरा, म्हणजे घर शिल्लक. पावतीवर पैसे लिहीत, घराचा नंबर नाही. दसऱ्याला शेठच्या आईनं थापी-फावड्यांबरोबर फळाही पुजला, आणि कुठलं घर नाराज नको म्हणून सगळ्याच चौकोनांना कुंकू लावलं.

आमच्याकडं तर पावतीही नव्हती. सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे पैसे नवऱ्यानं शेठच्या हातात दिले होते. ओळखीच्या माणसाकडं कागद मागायचा नाही, ही आमच्या गावची रीत. तळवलीच्या घरात दीर-जावांच्या गर्दीत आमच्या वाट्याला पडवी होती. ती सुटावी म्हणून सगळ्यात वरचं, पोटमाळ्याचं घर घेतलेलं. तसं ते एकच होतं.

शेठनं रविवारी सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावलं. ज्यानं जे घर घेतलं, त्यानं त्याच्या खिडकीत जाऊन उभं राहायचं. आम्हाला म्हणाला, "पावतीवाले आधी. उरलं तर तुमचं."

पोटमाळा कोण सोडतो, नवरा पुटपुटला. मलाही तेच वाटत होतं.

आम्ही खाली उभे राहिलो. बँकेतला एक कारकून थेट आमच्या खिडकीत दिसला. त्याची बायको दोन मजले खाली उभी होती. तिनं मान बाहेर काढली.

"अहो, खाली या. आपलं हे."

"इथं माळा आहे."

"असू दे. दुसऱ्याच्या माळ्यावर माझी भांडी चढायची नाहीत."

सगळी बिल्डिंग हसली. तो उतरला.

मग मी नीट वर बघितलं. कुठं एकटा माणूस, कुठं अख्खं कुटुंब, काही खिडक्या रिकाम्या. एका खिडकीत दोन घरची माणसं कुठंच नव्हती. भिंतींना रंग नाही, दारं बसायची होती, आणि एवढी अनोळखी माणसं आपापल्या जागी खरी उभी. देवळातही मी कधी इतकी गप्प झाले नव्हते.

आमची खिडकी रिकामी होती. शेठ माझ्याकडं वळला.

"वहिनी, आता तुमी चढा."

पुढं कित्येक वर्षांनी नवरा त्याच घरात वारला. शेठ गेला, कारकूनही गेला. त्याची बायको खाली आहे, मी वर. त्या दिवशी खिडक्यांत उभे राहिलेल्यांपैकी आम्ही दोघीच उरलोय.