पुलाखालच्या पाकोळ्या आणि दाजींचा कॅमेरा

खालापूरच्या नाक्यावर रिक्षातून उतरताना पाय मुरगळला, एवढंच मला वाटलं होतं. एक्स-रे काढल्यावर कळलं, घोट्याचं हाड मोडलंय. मी सरकारी कचेरीत नोकरीला, एकटी राहणारी, आणि माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. प्लास्टर घातलेला पाय घेऊन ते जिने चढणं-उतरणं होण्यासारखं नव्हतं. बातमी कळताच ताई शेजाऱ्याचा टेंपो घेऊन हजर झाली. माझे चार कपडे पिशवीत भरताना ती एकसारखी बोलत होती.

"घाई, घाई, नेहमी घाई! बस आता एका जागी."

अशी मी पोशीरला आले. ताईचं घर गावाच्या कडेला आहे. पुढं पडवी आणि पडवीपुढं वाल काढून मोकळी झालेली खाचरं. पडवीत माझ्यासाठी खाट टाकली, पायाखाली दोन उशा दिल्या, आणि मी बसले. दोन दिवसांत मला घरातल्या मांजराचं वेळापत्रक पाठ झालं. तिसऱ्या दिवशी मी ताईला विचारलं, "निवडायला काही तांदूळबिंदूळ आहेत का गं?" तेव्हा दाजींना माझी दया आली असावी. ते आत गेले आणि कपाटातून एक काळी पिशवी घेऊन आले.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. मोहोपाड्याकडच्या एका रसायनाच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर कंट्रोल रूममध्ये काम केलं. निवृत्त झाल्यावर कॉलनीतली जागा सोडून ते गावी आले आणि शेती करू लागले. कमी बोलणारा, पण कुठलीही वस्तू हातात आली की ती कशी चालते हे पाहिल्याशिवाय खाली न ठेवणारा माणूस. पिशवीत त्यांचा व्हिडिओ कॅमेरा होता. मुठीत मावणारा, बाजूला उघडणारा छोटा पडदा असलेला. माझ्या भाचीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी तो हौसेनं घेतला होता. त्या लग्नाचं चित्रण आमच्या घरात चेष्टेचा विषय आहे. त्यात हार स्वच्छ दिसतात आणि नवरा-नवरी धुक्यात. लग्नानंतर कॅमेरा कपाटात गेला तो गेलाच.

"घे बाय," दाजी म्हणाले, "मांजराचा शिनेमा काढ."

मांजराचा सिनेमा एका सकाळी संपला. मग मी पडवीतून चिमण्या काढल्या, तारेवरचा कोतवाल काढला. कोतवाल तारेवर बसलेला असेपर्यंत छान दिसायचा, उडाला की चौकटीतून नाहीसा. संध्याकाळी दाजींनी ते पाहिलं आणि म्हणाले, "उडणारं पाखरू बघायचं असंल तर पुलावर चल. तिथं पाकोळ्या हायत."

गावाबाहेर ओढ्यावर एक जुना छोटा पूल आहे. खाली बंधारा घातल्यामुळं भर उन्हाळ्यातही तिथं पाणी असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी मला स्कूटरवर मागं बसवलं. आडवा पाय, हातात कुबडी, गळ्यात कॅमेरा. पुढं पाय ठेवायच्या जागेत प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीवर त्यांनी मला ओढ्याच्या काठी, करंजाच्या सावलीत बसवलं.

पाकोळ्या मी जन्मभर पाहिल्या होत्या, म्हणजे पाहिल्या नव्हत्या. पक्ष्यांच्या पुस्तकात हिला तारवाली भिंगरी म्हणतात, पोशिरात सगळ्याच पाकोळ्या. पाठ अशी निळी, की ऊन पडलं की नव्या पोलादासारखी चमकते. डोक्यावर तांबूस टोपी, पोट पांढरंशुभ्र, आणि शेपटीतून निघालेल्या दोन बारीक तारा. पुलाच्या खालच्या अंगाला एका जोडीनं चिखलाच्या गोळ्या लावून अर्ध्या वाटीसारखं घरटं केलं होतं. नर-मादी आळीपाळीनं पाण्यावरून सुसाट येत, कमानीखाली शिरत आणि घरट्यापाशी क्षणभर टेकून पलीकडून निघून जात. मी कॅमेरा फिरवायची तोवर तिथं काही नसायचं.

दुपारी घरी येऊन दाजींनी कॅमेरा टीव्हीला जोडला. ओढा दिसला, गवत दिसलं, पुलाचा दगड दिसला. मधूनच एक काळी रेघ चौकटीतून जाई. ताई भाकऱ्या थापता थापता बाहेर येऊन बघून गेली.

"ह्ये काय? टीव्हीत केस अडकलाय का?"

मी हसले आणि नाद सोडून दिला. दाजींनी नाही सोडला. त्यांनी तेच चित्रण पुन्हा लावलं, मग पुन्हा. पाखरू कमानीकडं आलं की चित्र आधी धूसर होई, मग स्पष्ट, मग पुन्हा धूसर. कमानीचा अंधार आला की सगळं उजळे आणि आकाश आलं की काळवंडे. दाजी खुर्चीत पुढं सरकले.

"अगं, ह्ये तर हंटिंग हाय!"

"म्हणजे काय, दाजी?"

"आमच्याकडं व्हायचं. प्लँटमधी व्हॉल्व आटोवर असतो. रोजचं काम आपलं आपन बरोबर करतो. पन एकदम काय उसळलं की तो बावचळतो. जास्त उघडतो, मग जास्त बंद करतो, परत उघडतो. शोधतच बसतो. त्याला हंटिंग म्हणायचं."

"मग तुम्ही काय करायचा?"

"काय करनार? आटोवरून काढायचा आनि हातावर घ्यायचा."

त्यांनी कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका शोधून काढली. चष्मा लावून, बोट फिरवत ती वाचली. अडलेले इंग्रजी शब्द मला विचारले, मला न आलेले आम्ही दोघांनी मिळून अंदाजानं लावले. रात्रीच्या जेवणापर्यंत आम्हाला एवढं कळलं होतं की कॅमेरा ज्या गोष्टी आपणहून ठरवतो त्या त्याच्याकडून काढून घेता येतात. नजर, म्हणजे फोकस, कुठल्या अंतरावर लावायची, उजेड किती घ्यायचा, आणि एकेका चित्रासाठी पापणी, म्हणजे शटर, किती वेळ उघडी ठेवायची. पापणी जास्त वेळ उघडी राहिली की तेवढ्यात पाखरू पुढं सरकतं आणि त्याची रेघ होते. ती निमिषभरच उघडली तर पाखरू जागच्या जागी धरलं जातं, पण मग उजेड भरपूर लागतो.

ताईनं ताटं मांडली. "आता जेवायचं आटोवर, का मीच भरवू?"

दुसऱ्या दिवसापासून आमची खरी शाळा भरली. हलत्या पाखरावर नजर लावणं अशक्य, म्हणून पाखरू जिथून जाणार तिथं आधीच लावून ठेवायची. त्यासाठी दाजी लेंगा वर खोचून पाण्यात उतरले आणि कमानीच्या अलीकडं उभे राहिले. मी त्यांच्या बंडीच्या गुंड्या स्वच्छ दिसेपर्यंत कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीची कडी फिरवली.

"दिसल्या गुंड्या?"

"दिसल्या. वरची तुटलीय."

"ती तुझ्या ताईला सांग!" म्हणत ते बाजूला झाले. आता नजर त्या मोकळ्या जागेवर टिकून होती आणि कॅमेरा काही शोधत नव्हता. पापणीची वेळ आम्ही अगदी कमी केली. उजेड पाण्यावरच्या उन्हाप्रमाणं लावून तिथंच बांधून टाकला. लग्नाच्या वेळी घेतलेल्या तिपाईवर कॅमेरा ठेवल्यावर हाताची थरथर सावरणारी त्याची सोयही बंद केली, कारण मी कॅमेरा वळवला की ती उलट ओढायची.

तरी पहिले काही दिवस हाती काही लागलं नाही. एकदा चित्र इतकं काळं आलं की सकाळ आहे का रात्र, कळेना. एकदा मी हावरटासारखी पाखराला फार जवळ ओढलं, तर चौकटीत ते आलंच नाही. दाजी म्हणाले, "लांबूनच बघ गं. तिला यायला जागा तर ठेव." मग मी चौकट रुंद केली. पाखरू लहान दिसू लागलं, पण दिसू लागलं.

या सगळ्यात एक गोष्ट घडली. मी बघायला शिकले. आधी वाटायचं, पाकोळ्या मन मानेल तशा उडतात. रोज तिथं बसल्यावर दिसलं की कमानीखाली शिरताना त्या बहुतेकदा वाऱ्याच्या समोरून येतात. करंजावरून खाली झुकतात, पाण्याच्या हातभर वर सपाट होतात, आणि दगडाशी आपटणार असं वाटत असतानाच शेपटी पसरून एका अंगावर कलतात. पाणी प्यायचं तर थांबत नाहीत. चोच उघडी ठेवून पाण्यावर एक ओरखडा काढतात आणि वर. एवढं सगळं एका श्वासात. मी अर्ज तपासते, शिक्के मारते. इतक्या बिनचूकपणे केलेलं काम मी क्वचितच पाहिलंय.

दाजी माझ्या डाव्या खांद्यामागं उभे राहायचे. त्यांचं काम करंजावर लक्ष ठेवायचं. "आली," ते म्हणायचे, आणि मी बटण दाबायची.

हळूहळू टीव्हीवर रेघेचं पाखरू झालं. चालत्या चित्रात ते जरा तुटक, झटके देत गेल्यासारखं दिसायचं. पण चित्र थांबवलं की पंखाचं एकेक पीस मोजून घ्यावं. शेपटीच्या दोन तारा वळताना वाकायच्या. ते पाहिलं त्या संध्याकाळी दाजी कितीतरी वेळ टीव्हीसमोर उभेच होते.

मग पिल्लं बाहेर आली. सकाळी पोचलो तर घरट्याची वाटी रिकामी आणि पुलाच्या कठड्यावर तीन गुबगुबीत पिल्लं ओळीनं बसलेली. टोप्या अजून फिकट, शेपटीला तारा नाहीत. मोठी पाखरं यायची, पिल्लं चोची वासून थरथरायची, घास मिळायचा. हे सोपं होतं, कारण पिल्लं बसलेली होती. मी नजर कठड्यावर लावली आणि निवांत चित्रण करू लागले.

"ती धाकली बघ," दाजी हळूच म्हणाले. "लय वळवळतीय."

धाकटी कुठली, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. पण कडेचं एक पिल्लू खरंच अस्वस्थ होतं. मोठी पाकोळी करंजावरून खाली झुकली तशी त्यानं कठडा सोडला. ते वाकडंतिकडं फडफडत पाण्यावर आलं. मी कॅमेरा त्याच्यामागं वळवला. नजरेचं अंतर चुकेल हे मनात आलं, पण कडीला हात लावायला वेळ नव्हता. समोरून मोठी पाकोळी आली. दोघी एकमेकींवर आपटल्या असं मला वाटलं. मी ओरडले. पिल्लू वर उडालं, मोठी खाली गेली, आणि पुढच्या क्षणी पिल्लू पुन्हा कठड्यावर बसलेलं.

"पडलं का?" मी विचारलं.

"नाय, नाय. काय झालं तेच समजलं नाय."

घरी आल्यावर दाजींनी हातपाय न धुताच कॅमेरा टीव्हीला जोडला. ताई ओरडणार होती, पण आमची तोंडं बघून तीही पदराला हात पुसत येऊन बसली. दाजी एकेक चित्र पुढं सरकवत गेले. पिल्लू कठड्यावरून निघालं. समोरून मोठी आली. मोठीनं अंग उभं केलं, पंख मागं टाकले, शेपटी पंख्यासारखी पसरली. आणि मग ते चित्र आलं. दोघी हवेत छातीला छाती लावून उभ्या. खाली पाण्याशिवाय आधार नाही. मोठीची चोच पिल्लाच्या चोचीत, आणि दोघींच्या मधून बाहेर आलेला कुठल्याशा किड्याचा एक पारदर्शक पंख. कडा जरा मऊ होत्या, पण सगळं दिसत होतं. पुढच्या चित्रात दोघी वेगळ्या झालेल्या.

दाजींनी एक चित्र मागं घेतलं आणि तिथंच थांबवलं.

"उडता उडता भरवलं तिनं," ताई म्हणाली. मग म्हणाली, "आपल्याला बसून भरवताना पोरं किती सांडायची."

दाजी म्हणाले, "कंट्रोल म्हंजे ह्यो." एवढंच. पण उभ्या जन्मात त्यांना कुणाची एवढी तारीफ करताना मी ऐकलं नव्हतं.

त्या दिवसांत आमच्या पडवीत बरेच जण येऊन गेले. ओढ्यापलीकडं गुरं चारणारे एक काका आले, शेजारच्या बायका आल्या. सगळ्यांना दाजी तेच चित्र दाखवायचे, आधी चालतं, मग थांबवून. चालतं पाहून लोक "बरं" म्हणायचे आणि थांबवलेलं पाहून टीव्हीच्या जवळ सरकायचे. काका म्हणाले, "मी रोज तितंच असतो. माज्या डोक्यावरूनच ह्ये चाललेलं असतं म्हना की." दुसऱ्या दिवशी ते म्हशी सोडून पुलाच्या कठड्याशी उभे होते, मान वर करून.

माझं प्लास्टर निघालं. पाय बारीक आणि पांढुरका झाला होता, पण टेकवता येत होता. खालापूरला परत जायच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघंही पुलावर गेलो. ताई पहिल्यांदाच आली. पिल्लं आता मोठ्यांसारखीच सुसाट उडत होती, कोण कुठलं ते ओळखू येत नव्हतं. मी ताईला खुर्चीत बसवलं आणि कॅमेरा तिच्या हातात दिला.

"मला नाय जमायचं गं."

"बटण दाब फक्त. बाकी सगळं दाजींनी लावलंय."

दाजी तिच्या खांद्यामागं जाऊन उभे राहिले. "आली," ते म्हणाले. ताईनं बटण दाबलं, पण पाखरू निघून गेल्यावर. "आली." पुन्हा उशीर. असं बऱ्याचदा झालं. दाजी एका शब्दानं तिला बोलले नाहीत, दरवेळी तितक्याच शांतपणे सांगत राहिले.

घरी येऊन पाहिलं तर ताईच्या चित्रणात एकही पाकोळी नव्हती. होतं ते नुसतं पाणी. पाणी पिऊन पाखरू वर गेल्यावर उरलेला बारीक ओरखडा, तो पसरून झालेल्या लाटा, त्यात हलणारी पुलाची सावली. दाजी ते पुसायला निघाले तशी ताईनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या ते. बघा ना, आत्ताच गेलीय ती."

दाजींनी ते चित्र थांबवलं. आम्ही तिघं त्या पाण्याकडं बघत बसलो. ताईनं दोनदा तेच पुन्हा लावायला सांगितलं, आणि दाजींनी लावलं.