भातावरचा हात

भाचीच्या लग्नात पंगत बसली आणि मावशी तूप वाढत माझ्यापर्यंत आली. मी वरणभातावर तळहात आडवा धरला. स्वादुपिंडाचं जुनं दुखणं आणि त्यातूनच आलेला मधुमेह, दोन्हींचीही नस मला आता सापडली आहे. बसण्याआधी इन्सुलिन घेतलं होतं, पहिल्या घासासोबतची पाचक गोळी खिशात होती.

"चमचाभरानं काय होतंय?" मावशी म्हणाली.

पूर्वी याच वाक्याला भिडेखातर मान देऊन तूप खाल्लं आणि पोटदुखीनं मी आठ दिवस दवाखान्यात काढले होते. आज हात हलला नाही.

मावशीनं तुपाचं भांडं खाली ठेवलं. मग वाकून तिनं माझ्याच पानातली लिंबाची फोड उचलली. "हे तरी पिळते."

मी हात काढला. इतकी वर्षं मी तिच्या रुसण्याला भीत होतो; तिला फक्त माझ्या भातावर आपल्या हातचं काहीतरी पडायला हवं होतं.