विणीत उतरलेली गाणी

आमच्या घरी रेडिओ आला आणि बाबांनी तो थेट हातमागाशेजारच्या फळीवर ठेवला. नागपुरातली आमची गल्ली विणकरांची. घरोघरी मागांचा असा खटखटाट की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागे. त्यामुळे बाबा रेडिओ एवढ्या मोठ्यानं लावत की अख्ख्या गल्लीचं त्यात भागे. सकाळी सिलोनची सिनेमातली गाणी, संध्याकाळी नागपूर स्टेशनची भावगीतं. मी खाली बसून धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची आणि मनातल्या मनात मोठी गायिका झालेली असायची.

माशी शिंकली ती इतवारीच्या बाजारात. आमचा माल घेणाऱ्या शेठजींनी एक लुगडं उजेडात धरलं. वीण कुठे दाट, कुठे विरळ. "काय गा, हे दोघांनी मिळून विणलं का?" त्यांनी विचारलं आणि लुगडं परत केलं.

बाबांनी घरी येऊन ते दांडीवर पसरलं. बराच वेळ न्याहाळलं आणि मला जवळ बोलावलं. "पोरी, हे दाट दिसून राहिलं ना, ते सिलोन. अन् हे विरळ, ते आपलं संध्याकाळचं."

खरंच तसं होतं. ढोलक घुमला की बाबांचा ठोका जोरात बसे, आणि संथ गाणं लागलं की हात आपोआप हलका पडे. मला तर हसूच फुटलं. माय मात्र हसली नाही.

"हा डबा उमरेडले पाठवा, माह्या भावाच्या घरी," तिनं निकाल दिला.  बाबांनी रेडिओ जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून ठेवला. मामा रविवारी येऊन तो नेणार होता.  खोटं कशाला सांगू, मामाला ताप यावा असं मी देवाला सांगितलं.

मग माग चालू लागला. एकसारखा ठोका, एकसारखी वीण. घर मात्र सुतक असल्यासारखं. कांड्या भरताना माझी बोटं जड झाली.

शनिवारी संध्याकाळी, नेमकी भावगीतांची वेळ झाली आणि ठोका मंदावला. मी मान वर केली. बाबा गात होते. आधी ओठातल्या ओठात, मग मोकळ्या गळ्यानं. दोन कडव्यांमधली सतारही त्यांनी तोंडानं वाजवली! घरात चार शब्द बोलायचे झाले तर मोजूनमापून बोलणारा हा माणूस गातो, आणि इतकं गोड गातो, हे मला ठाऊकच नव्हतं. माझे डोळे भरून आले.

माय पिठाच्या हातांनी दारात आली. आता ही ओरडणार, असं मला वाटलं. ती चौकटीला टेकून ऐकत राहिली. गाणं संपल्यावर बाबांचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि ते लाजून कानापर्यंत लाल झाले.

"अवो," माय म्हणाली, "ह्या गळ्याले आता कोणाच्या घरी पाठवू?"

तिनं हात पुसले, गाठोडं स्वतःच सोडलं आणि रेडिओ माझ्यापुढे ठेवला. "लाव वं पोरी. विरळ झालं तं मीच नेसीन."

मी रेडिओला हातही लावला नाही. म्हटलं, "बाबा, आणखी एक म्हणा ना."