अकरा चौदाची सावली

उज्जैनला आमच्याकडे पाहुणे आले की ते महाकालाला स्वतःहून जात. वेधशाळेत त्यांना बाबा नेत. पुण्याहून आलेली आत्या असो की लग्नकार्याला आलेले लांबचे मामा, परतीच्या गाडीआधी एक सकाळ वेधशाळेसाठी राखलेली असे. सुटका नव्हती.

तिथे करायचे काम ठरलेले होते. फाटकाशी सगळ्यांनी मनगटावरची घड्याळे काढायची. आई ती रुमालात बांधून पर्समध्ये ठेवी. मग सगळे सम्राट यंत्रापाशी जात. मधोमध तिरपी चढत जाणारी एक भिंत, तिच्या माथ्यावर पायऱ्या, आणि दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारखे वाकलेले दगडी कट्टे. कट्ट्यांवर तास आणि मिनिटे कोरलेली, मिनिटाचेही तीन भाग पाडलेले. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या कट्ट्यावर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. सावलीची कड जिथे असेल ती उज्जैनची वेळ. तिच्यात त्या दिवशीची ठरावीक मिनिटे मिळवली की घड्याळातली वेळ येते. किती मिळवायची, याचा तक्ता तिथे लावलेला असे. बाबांना बाराही महिन्यांचे आकडे पाठ होते.

प्रत्येकाने सावली वाचून आपला आकडा सांगायचा, बाबांनी शेवटी. मग आई रुमाल सोडी. ज्याचा आकडा सर्वांत जवळचा त्याला बाहेरच्या ठेल्यावर पोह्यांची पहिली प्लेट. ती बहुधा बाबांनाच मिळे, कारण त्यांची चूक अर्ध्या मिनिटापलीकडे जात नसे.

बाबा सरकारी शाळेत गणित शिकवत. त्यांच्या वर्गात एक नियम होता: रीत न दाखवता बरोबर उत्तर लिहिले तर शून्य. घरातही तोच नियम होता. दादाला आणि मला लहानपणी त्याची किंमत मोजावी लागली आहे. मी पुढे इंदूरच्या एका दैनिकात लागले. तिथे बातमीखाली ‘समजते’ असे लिहून चालत नाही, कोणी सांगितले ते लिहावे लागते, हे पहिल्या आठवड्यात कळले. मला ते नवीन नव्हते.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यातली. आईला जाऊन तीन वर्षे झाली होती. बाबा माधवनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत एकटे राहत. शेजारी त्यांचे मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब. ते मूळचे रतलामकडचे, हिंदी बोलणारे. तीस वर्षांच्या शेजारामुळे त्यांना मराठी सगळे समजे, बोलताना मात्र दर वाक्यात एखादाच मराठी शब्द येई. वेधशाळेच्या प्रत्येक फेरीला ते हजर असत आणि सावली वाचायला दर वेळी नकार देत. “मास्साब, आपके सूरज के भरोसे हम झंडी दिखाते, तो आधी गाड़ियाँ यार्ड में पड़ी रहतीं,” असे ते म्हणत. बाबा म्हणत, “तुमच्या गाड्या तशाही वेळेवर कुठे होत्या?”

त्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने टिकवायची, असे डॉक्टरांनी सांगितले. नोव्हेंबरात ते नानाखेड्याच्या बसस्टँडवर देवासच्या गाडीऐवजी भलत्याच गाडीत बसले. पाटी वाचता आली नव्हती आणि कोणाला विचारले नव्हते. त्यांना संध्याकाळी गार्डसाहेबांनी जाऊन आणले. ही बातमी पुण्याला दादाकडे गेली, ती गार्डसाहेबांनी दिली नाही. मी दिली.

दादा नाताळच्या सुट्टीत आला. त्याने पुण्यात नवा फ्लॅट घेतला होता. बाबांची खोली तयार होती, दवाखाना जवळ होता, आणि त्याच्या बोलण्यात कुठेही जबरदस्ती नव्हती. बाबांनी जेवताना सगळे ऐकून घेतले. मग ताट सारून म्हणाले की उद्या वेधशाळेत जाऊ. सावली वाचता आली तर ते इथेच राहणार. नाही आली तर दादा म्हणेल त्या दिवशी निघणार. दादाने माझ्याकडे पाहिले आणि कबूल केले. सावलीचा आणि पाटीचा काय संबंध, असे त्याला विचारता आले असते. विचारले नाही.

सकाळी आम्ही चौघे एका ऑटोत बसून निघालो. पुलावरून जुन्या शहरात उतरलो तेव्हा ऊन स्वच्छ होते. पश्चिमेकडे मात्र मावठ्याचे विरळ ढग दिसत होते. वाटेत गच्च्यांवर डिश अँटेना लागल्या होत्या, दर चौकात एसटीडीचे पिवळे खोके होते. गार्डसाहेब दादाला ते मोजून दाखवत होते.

फाटकाशी रुमाल मी धरला. घड्याळ काढताना गार्डसाहेबांनी सवयीने वेळ पुकारली, “ग्यारह उनतीस.” नोकरीतली सवय होती. वेळ त्यांनी आधीही कैकदा पुकारली होती आणि बाबांनी त्यावर कैक वेळा हरकत घेतली होती. त्या दिवशी घेतली नाही.

आत गेल्यावर बाबा दर वेळी पाहुण्यांना प्रत्येक यंत्र समजावून सांगत. त्या दिवशी ते काहीच न बोलता, दादाच्या कोपराला हात लावून सावकाश चालले. मोकळ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. ते मी पाहिले. दादानेही पाहिले.

“बाबा, शेवटी तुम्हीही जपाला लागलात?”

बाबांचा अंगठा पुढच्या पेरावर गेला. देवपूजाही न करणारा माणूस आज पेरांवर जप करतो आहे, म्हणजे मनातून घाबरला आहे, असा अर्थ आम्ही दोघांनी लावला.

यंत्रापाशी पहिला आकडा दादाचा. तो म्हणाला, अकरा वाजून अकरा मिनिटे. मी म्हणाले तेरा. गार्डसाहेबांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. मग बाबा पुढे झाले. पश्चिमेच्या कट्ट्यावर हात टेकून वाकले, चष्मा वर केला आणि चेहरा दगडाच्या वीतभर जवळ नेला.

त्याच वेळी ढग सूर्यावर आला. कट्ट्यावरची कड आधी फिकी झाली आणि मग राहिलीच नाही. कोरलेल्या रेषा सगळ्या सारख्या दिसू लागल्या. दादा बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. मी दगडाकडे पाहत होते.

“अकरा चौदा,” बाबा म्हणाले. “अधिक सत्तावीस. अकरा एक्केचाळीस.”

मी रुमाल सोडला. अकरा बेचाळीस झाले होते. तो आकडा मी मोठ्याने सांगितला. दादाने बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “ठीक आहे बाबा. राहा इथेच.” त्याचा आवाज मोकळा होता. हरल्याचे त्याला बरेच वाटले असावे. गार्डसाहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग आभाळाकडे, मग ते आपले घड्याळ बांधायला लागले. त्यांना पट्ट्याचे भोक बराच वेळ सापडत नव्हते.

समोर घडलेले जसेच्या तसे सांगणे हा माझा धंदा होता आणि ही एक गोष्ट मी सांगायची नाही असे ठरवत होते. दादाच्या सुट्टीचे तीन दिवस उरले होते. तेवढे गप्प राहणे पुरले असते.

बाहेर ठेल्यावर पोह्यांची पहिली प्लेट बाबांच्या हातात दिली. वर शेव, कांदा, लिंबू. त्यांनी ती गार्डसाहेबांपुढे सरकवली.

“ही माझी नाही.”

दादा म्हणाला की सर्वांत जवळचा आकडा तुमचाच होता. बाबांनी त्याला थांबवले आणि माझ्याकडे वळले.

“तू दगडाकडे बघत होतीस. सावली होती का?”

“नव्हती,” मी म्हणाले. “ढग आला होता.”

“मला कळलं. मानेवरचं ऊन गेलं.” ते दादाला म्हणाले, “फाटकापासून मनात सेकंद मोजत आलो. बोटांवर शंभर-शंभर. यांनी अकरा एकोणतीस सांगितलंच होतं, त्यात मोजलेली बारा मिनिटं मिळवली. त्यातून सत्तावीस वजा केले. सावली मला ढगाच्या आधीही दिसली नव्हती.”

दादा म्हणाला, “पण उत्तर तर बरोबर आलं ना, बाबा?”

“उत्तर आलं. रीत नाही.” बाबांनी रुमालाने हात पुसले. “शून्य.”

गार्डसाहेब प्लेट हातात धरून तसेच उभे होते. ते हिंदीत म्हणाले की मास्साब, एवढे कडक तर आमचे इन्स्पेक्टरही नव्हते. मग त्यांनी पोहे खायला सुरुवात केली, खाली मान घालून, आणि सगळे संपवले.

बाबा जानेवारीत, संक्रांत झाल्यावर पुण्याला गेले. सामान फार नव्हते. स्टेशनवर गार्डसाहेब आले होते. गाडी बावीस मिनिटे उशिरा सुटली आणि बाबांनी खिडकीतून ती बावीस मिनिटे त्यांना ऐकवली.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी घरमालकाला किल्ल्या द्यायला उज्जैनला गेले. खोल्या रिकाम्या होत्या, भिंतीवर कॅलेंडरच्या जागी चौकोन राहिला होता. गार्डसाहेब म्हणाले, चलो, एक काम है. आम्ही वेधशाळेत गेलो. फाटकाशी त्यांनी घड्याळ काढून माझ्याकडे दिले. या वेळी वेळ पुकारली नाही. कट्ट्यावर ते बराच वेळ वाकून होते, रेषांवर बोट ठेवून मोजत, मधेच चुकून पुन्हा पहिल्यापासून. ऊन स्वच्छ होते. शेवटी त्यांनी खिशातल्या चिठ्ठीवर आकडा लिहिला, मग माझ्याकडून घड्याळ घेऊन त्याखाली दुसरा.

परतताना चौकातल्या एसटीडीच्या खोक्यात ते शिरले. काच अर्धी उघडी होती, त्यामुळे मला त्यांचे सगळे ऐकू येत होते आणि बाबांचा फक्त आवाज. गार्डसाहेबांनी चिठ्ठी नाकाजवळ धरली.

“मास्साब, सावली दस सैंतालीस. घड़ी ग्यारह अट्ठाईस. फरक इकतालीस. ठीक है?”

पलीकडून एक छोटे वाक्य आले. गार्डसाहेबांनी काचेतून माझ्याकडे पाहिले, मग मीटरच्या पळणाऱ्या लाल आकड्यांकडे. त्यांनी स्टूल पुढे ओढले आणि त्यावर नीट बसून घेतले.

“रीत? हाँ, रीत भी है. रुकिए, शुरू से बताता हूँ. पहले घड़ी उतारकर बेटी को दी.”