लाईन सुरू करायच्या आधी

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या वीज उपकेंद्रात हे सगळ्यांना माहीत आहे. पण मधली दोन वर्षं मला त्याची एवढी लाज वाटायची, की कोणी नुसतं "ताई, भ्यायल्या का?" म्हटलं तरी मी त्याच्या अंगावर धावून जायची.

उपकेंद्र म्हणजे बाभुळगावकडच्या बाजूला, कपाशीच्या वावरांमधली एक लांबट खोली. बाहेर तारांचं आवार, आत लोखंडी पॅनेलची रांग. मी तिथं ऑपरेटर. लाईनमनला खांबावर काम करायचं असलं की तो मला फोन करून परमिट मागतो. मी ती लाईन बंद करते, वहीत त्याचं नाव आणि वेळ लिहिते, खटक्यावर 'माणसं कामावर आहेत' अशी पाटी अडकवते. काम झालं की तो पुन्हा फोन करतो, "परमिट परत, लाईन घ्या," म्हणजे सुरू करा. मग मी पाटी काढते आणि खटका फिरवते. खटक्याला जोर लागत नाही, लहान लेकरू फिरवेल. मला तेच सगळ्यात भयंकर वाटतं.

आमच्या लोकांना एक खोड आहे. एकानं परमिट घेतलं की दुसरा त्यातच आपलं काम उरकून घेतो. लाईन तशीही बंदच आहे, मग ताईले पुन्हा फोन कायले करायचा, असा त्यांचा विचार. वहीत नाव एकाचं आणि खांबांवर माणसं दोन. आळस म्हणा, माया म्हणा, पण वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं आणि मलाही ते माहीत होतं.

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी काकाजींनी परमिट घेतलं. काकाजी म्हणजे आमचे सगळ्यात जुने लाईनमन, निवृत्तीला आलेले. पाऊण तासानं त्यांचा फोन आला, झालं म्हणून. मी पाटी काढली आणि खटक्यावर हात ठेवला. तेवढ्यात मोबाईल वाजला. सकाळपासून शेतकऱ्यांचे फोन घेऊन घेऊन माझं डोकं उठलं होतं. लाईन देऊन मगच उचलू, असं मनात आलं होतं. का कोण जाणे, डाव्या हातानं उचलला.

आमच्यातल्या धाकट्या लाईनमनचा आवाज होता. "ताई, अजून किती वेळ बंद राह्यते लाईन? माह्यं एक टोक जोडाचं राह्यलं."

"कुठी हायेस तू?"

"खांबावर. नाल्यापाशी."

काकाजींच्या परमिटवर हा चढला होता. त्याच लाईनवर. मी म्हटलं, "हाये वेळ. कर आरामात. उतरल्यावर फोन कर." माझा आवाज इतका शांत होता की मलाच तो दुसऱ्या कोणाचा वाटला. मी खटक्यावरचा हात काढला, पाटी परत अडकवली आणि खाली फरशीवर बसले.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. त्याला नाही, काकाजींना नाही, घरी नवऱ्यालाही नाही. नियमानं बघितलं तर माझी चूक नव्हती, वहीत एकच नाव होतं. पण त्याला दोन लहान पोरी आहेत, हे मला माहीत होतं. त्यांच्या बारशाला मी जेवून आले होते.

तिथून पुढं माझी दैना झाली. घरी मिक्सर लावायचा तरी "कोणी हात लावला नाही ना?" असं तोंडून निघायचं. नवरा हसायचा. ड्युटीवर तर मी प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायची. कोण कोण गेलतं, सगळे खाली आले का, त्याच्याजवळ फोन दे, त्याच्या तोंडून ऐकू दे. लोक वैतागले. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर एका फोनवर लाईन द्यायचा, म्हणून ते आपली कामं त्याच्या पाळीत ढकलायला लागले. धाकटा तर एकदा म्हणाला, "ताई, शाळेतल्यावाणी हाजरी घेऊन राह्यल्या काय?" मीही काही कमी नाही. म्हटलं, "हो, घेतो हाजरी. बोल, हायेस का जिवंत?" तो हसला.

मग नवीन साहेब आले. तरुण अभियंता, नुकतंच कसलं तरी प्रशिक्षण करून आलेला. त्यानं सगळ्यांना बसवलं आणि एकेक कागद वाटला. कर्मचाऱ्याचं मन कामावर आनंदी राहायचं असेल तर त्यानं आपल्या अंगचा गुण ओळखावा आणि तो रोजच्या कामात वापरावा, असं काहीसं तो सांगत होता. मी म्हटलं, "साहेब, आधी हातमोजे नवे द्या, मग गुण विचारा." बिचारा लाल झाला. पण त्यानं ते लिहून घेतलं, आणि पुढच्या पंधरवड्यात मोजे आले, हेही सांगायला पाहिजे.

स्वतःचा गुण कोणी लिहीना. तेव्हा साहेब म्हणाले, बरं, शेजारच्याचा सांगा. आमच्यात एकजण आहे, त्याच्यावर कोणी कितीही ओरडलं तरी तो गोड बोलून त्याला थंड करतो. त्याचं नाव सगळ्यांनी आधी घेतलं. मग माझी पाळी आली. काकाजी माझ्या बाजूला बसले होते.

ते म्हणाले, "ताईचा गुण म्हणजे ताई भेते."

सगळे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हासू नोका," काकाजी म्हणाले. "मी मजाक नाई करून राह्यलो. ताई भेते, म्हणून मी वरती भेत नाई. मले ठाव असते, माह्या जिवाची फिकर खाली बसून कोणीतरी करून राह्यलं."

मी मान वर केली नाही. ते माझ्या भीतीला चांगलं म्हणत होते आणि ती भीती कुठून आली हे त्यांना माहीतच नव्हतं. उठून पळून जावं असं वाटत होतं.

साहेबांनी मात्र ते धरून ठेवलं. माझी उलटतपासणीच त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावली. जितकी माणसं जातील तितकी नावं वहीत, आणि जितकी नावं तितके आवाज ऐकल्याशिवाय लाईन द्यायची नाही. सगळ्या पाळ्यांना हेच. रागावलेल्या लोकांचे फोन त्या गोड बोलणाऱ्याकडं गेले, म्हणजे खटक्याजवळ असताना मला शिव्या ऐकाव्या लागणार नाहीत. काकाजींचं खांबावर चढणं थांबलं, ते खाली उभं राहून तरुणांना सांगायला लागले. खरं सांगते, मला बरं वाटलं. डब्यातलं अन्न गोड लागायला लागलं. पण भीती गेली नाही. ती फक्त कामाला लागली.

यंदा एका दुपारी वादळ झालं आणि बाभळीची फांदी तारांवर पडली. चौघं गेले. वहीत चार नावं. दीड तासानं काकाजींनी परमिट परत केलं. मी तीन आवाज ऐकले. धाकट्याचा फोन बंद.

"तो केव्हाचाच उतरला असन, ताई. दुसऱ्या टोकाले होता. घ्या लाईन."

"असन चालत नाई, काकाजी. पाहा त्याले."

ते बघायला गेले. अर्धा तास झाला. वरून एका मोठ्या अधिकाऱ्याचा फोन आला. पाण्याची योजना बंद आहे, दवाखाना बंद आहे, लाईन का दिली नाही? मी सांगितलं, एक माणूस सापडत नाही. ते म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर द्या."

"साहेब, जबाबदारी तुमची असेल, पण हात माझा आहे."

बोलून तर बसले, आणि मग अंगाला दरदरून घाम फुटला. नोकरीवर येईल, हे कळत होतं. दवाखान्यात कोणी अडलं असेल तर ते पाप माझंच, हेही डोक्यात घण घालत होतं. आमचे साहेब मोटरसायकल घेऊन त्याला शोधायला निघाले. मी खोलीत एकटी. खटक्यापासून दूर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले, चुकूनही हात लागू नये म्हणून. तो नाल्यापाशी खांबावर आहे, हेच मला दिसत होतं, डोळे मिटले तरी आणि उघडले तरी. या सगळ्याचा खुलासा पुढं मला लेखी द्यावा लागला. पण त्या वेळी मला फक्त त्याचा आवाज पाहिजे होता.

तो स्वतःच फाटकातून आत आला. भिजलेला, पण धडधाकट. मोबाईल पाण्यात पडला होता, म्हणून वाटेतल्या गावात चहाला थांबला होता. तिथं रेंज नव्हती, म्हणून साहेबांनी त्याला गाठून सरळ इकडंच पाठवलं होतं. येताच मला हसायला लागला.

"चहा पिऊन राह्यलो होतो ना मी! माह्यापायी एवढी गावं बसवून ठेवली तुम्ही? कायले एवढ्या भेता, ताई?"

मला ते हसणं सोसलं नाही. मी त्याला सांगितलं. नाल्याजवळचा खांब, काकाजींचा फोन, काढलेली पाटी, खटक्यावरचा उजवा हात आणि फोन उचललेला डावा हात. सगळं, एका दमात. रडत होते की ओरडत होते, मला आठवत नाही.

त्याचं हसू गेलं. तो स्टुलावर बसला. हातातला ओला मोबाईल बाहीला पुसायला लागला.

"त्या दिवशी मी फोन करणारच नव्हतो," तो म्हणाला. "हातातलं काम सोडा लागते म्हणून कट्टाळा आलता."

मग तो म्हणाला, "ताई, तुमचा फोन द्या बरं जरा." मी दिला. त्यानं घरचा नंबर लावला.

"मी बोलतो. काई नाई झालं. पोरी आल्या काय शाळेतून? दोघीबी? दे बरं त्याइले."

मी वहीत चौथ्या नावापुढं वेळ लिहिली आणि पाटी काढली. मागं तो पोरींना विचारत होता, डबा खाल्ला का, भाजी कोणती होती, आज कोणासोबत खेळल्या. पोरी सांगत असाव्यात, कारण तो नुसता "हो, हो, अजून सांग" म्हणत होता.