बधिर गुडघा

पहिल्या दिवशीच मला त्याचा राग आला. ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स उपनगरातल्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून मला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. तो दारातून वाकून आत आला, खुर्चीचे दोन्ही हात धरून हळूहळू टेकला आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "स्वीट ॲज, सगळं मस्त. फार काही नाहीये."

चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. एमआरआय बघितला तर सत्तरीच्या माणसाचा वाटावा. उजव्या गुडघ्यात कूर्चा जवळजवळ उरलीच नव्हती, हाडावर हाड घासत होतं.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"फुटबॉलने," तो हसून म्हणाला.

तो मूळचा डेन्मार्कचा. तिथे बचावफळीत खेळायचा, व्यावसायिक खेळाडू म्हणून. बायको इथली, म्हणून निवृत्तीनंतर ऑकलंडला आला आणि एका गोदामात सुपरवायझर झाला. दर आठवड्याला यायचा. मी पाय वाकवत असताना दुखू लागलं की त्याला बोलायला हवं असायचं, त्यामुळे त्याची सगळी कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली. शाळेत सगळ्यांत उंच म्हणून त्याला मागे उभं केलं, ते कायमचं. मग गावचा क्लब, मग मोठा क्लब, पहिल्या संघात जागा. समोरच्याचा बॉल काढून घ्यायचा आणि आपल्या माणसाला द्यायचा, एवढंच काम, म्हणायचा. पण ते सांगताना टेबलावर पडल्यापडल्याही त्याचे खांदे ताठ व्हायचे.

एका दुपारी त्याने इंजेक्शनांचं सांगितलं. गुडघा सुजला की सामन्याआधी क्लबचा डॉक्टर भूल द्यायचा. शेवटच्या मोसमात, अशाच एका सामन्यात, मध्यंतराच्या जरा आधी, त्याने घसरत जाऊन बॉल काढला आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला ऐकू आला.

"दुखलं नाही?"

"कसं दुखेल? पाय बधिर होता. पूर्ण सामना खेळलो मी."

माझे हात थांबले. तुटलेल्या लिगामेंटवर हा माणूस सामना संपेपर्यंत पळला होता. उन्हाळ्यात क्लबने करार वाढवला नाही. पुष्पगुच्छ दिला.

"आणि तो डॉक्टर?"

"चांगला माणूस होता. दर नाताळला कार्ड पाठवायचा."

त्या डॉक्टरपेक्षा मला याचाच संताप आला. घरी येऊन भांडी आपटत मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पेशंट आहे तो तुझा. त्याला स्वतःला राग येत नाही, तर तू का जळतेयस?" यावर आमचंच वाजलं.

पुढच्या वर्षी इथल्याच एका क्लबने जुन्या खेळाडूंचा तरुण संघाशी प्रदर्शनी सामना ठरवला. युरोपात खेळलेला माणूस हाताशी आहे म्हटल्यावर ते त्याला सोडणार थोडेच. क्लबचा अध्यक्ष त्याच्यासोबत क्लिनिकमध्ये आला. "किया ओरा" वगैरे नमस्कार झाल्यावर मला म्हणाला, "थोडाच वेळ खेळायचंय. तुम्ही फक्त हरकत नाही म्हणा, इंजेक्शनचं आमचा डॉक्टर बघेल."

"माझी हरकत आहे," मी म्हणाले. "आणि त्या डॉक्टरला आधी हा एमआरआय दाखवा."

"लोक खूश होतील हो."

"लोकांना गुडघा आहे त्यांचा त्यांचा. तुम्ही बाहेर जा."

अध्यक्ष गेला. माझा पेशंट मात्र उठला नाही. त्याला इतकं लाल झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तू कोण मला थांबवणारी? मी खेळायचो हे इथे कोणाला माहीत तरी आहे का? माझ्या मुलीने मला एकदाही मैदानात बघितलेलं नाही."

"तिला चालणारा बाप बघू द्या की!" मी ओरडले. बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू गेलं असणार. तो काठी घेऊन निघून गेला.

तो खेळलाच. मी जाणार नव्हते, तरी गेले आणि कुंपणापाशी उभी राहिले. आपल्याच पायांवर विश्वास नसल्यासारखा चालत तो मैदानात आला. मग एक तरुण स्ट्रायकर सुसाट त्याच्याकडे आला. हा जागचा फारसा हललाही नाही, नेमक्या क्षणी पाय पुढे घातला आणि बॉल याच्याकडे होता. सगळे ओरडले. त्याची मुलगी बाकावर उभी राहून किंचाळत होती. मला तेव्हाही रागच येत होता. इतकं सुंदर होतं ते, आणि यासाठी त्यांनी त्याला परत तेच औषध टोचलं होतं.

आठवड्याभरात त्याला गाडीतून उतरता येईना. सांधा बदलायची शस्त्रक्रिया झाली. अध्यक्ष ना फोनवर ना दारात. नंतरच्या व्यायामासाठी त्याच्या बायकोने मलाच फोन केला, आणि मी हो म्हणाले.

तो पुन्हा माझ्या टेबलावर पडला. मग त्याने हळूच विचारलं, "आली होतीस ना? बॉल कसा काढला, पाहिलंस?"

"पाहिलं," मी म्हणाले. "गुडघा वाकवा. अजून. अजून."