चकचक काकूंनी बुजवलेल्या चिरा

कारखान्यात त्यांना सगळे चकचक काकू म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. डाग दिसला की या बाईंना घास गिळवत नसे. कुणी चहाचा कप टेबलावर टेकवला, की काकूंचं फडकं हजर. नवरा म्हणायचा, "अगं, तेवढं माझ्या टकलावरून फिरवू नकोस म्हणजे मिळवलं!"

तो बोटीवर इंजिन सांभाळायचा. बोट लांब गेली की रेडिओ नुसता खरखरायचा, आणि इकडे काकूंचा जीव टांगणीला. म्हणून कारखान्याच्या इंजिनिअर मॅडमनी बोटींच्या रेडिओसाठी नवी जाळी तयार केली तेव्हा काकूंना कोण आनंद झाला! मशीन थरावर थर चढवत प्लॅस्टिकची जाळी घडवायचं आणि तिच्यावर तांब्याची इवली इवली कडी उठवायचं. ती अँटेनाच्या तोंडासमोर बसवली की आवाज पूर्वीपेक्षा कितीतरी लांब जातो, असं मॅडम सांगायच्या. कसा जातो, हे काकूंनी विचारलं नाही. त्यांनी भुकटी झटकायची, कडा घासायच्या आणि झाकण लावायचं. एका जाळीची तपासणी झाली, ती पास झाली, की बाकीच्यांवर झाकणं चढायची.

शेवटची जाळी नवऱ्याच्या बोटीची होती. ती काकूंनी मुद्दाम भिंगाखाली धरली आणि कपाळावर हात मारला. एकूण एक कड्याला चीर! केसाएवढी का होईना, पण चीर ती चीरच. बाकीच्या जाळ्यांनाही असणार म्हणा, पण घरच्या माणसाला असलं कसं चालेल? "या मशीनच्या हाताला मेलं वळणच नाही," असं म्हणत त्यांनी तुटकी तार जोडायचा तांब्याचा रंग काढला आणि जेवणाची सुट्टी घालवून सगळ्या चिरा बुजवल्या. कुणाला एका शब्दानं विचारलं नाही. निगुतीनं केलेल्या कामाला परवानगी कशाला हवी?

जाळ्या बसवून बोटी समुद्रात गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळाचा इशारा आला. मॅडम कारखान्यातल्या रेडिओवरून एकेका बोटीला माघारी बोलवू लागल्या. प्रत्येकीचं उत्तर असं खणखणीत, की जणू माणूस शेजारच्या खोलीतून बोलतोय! काकूंच्या नवऱ्याची बोट मात्र गप्प. पुन्हा हाक मारली, तरी गप्पच. साधी खरखरही नाही.

"असं कसं?" मॅडम पुटपुटल्या. "सगळ्या जाळ्या तर सारख्याच आहेत."

"सारख्या कुठल्या?" काकू म्हणाल्या. "ह्यांची तर सगळ्यांत चांगली! मी स्वतः एकेक चीर भरलीय."

मॅडम ताडकन उठल्या. "चिरा भरल्या? अहो काकू, त्या मी मुद्दाम ठेवल्या होत्या! त्या चिरा आहेत म्हणूनच कडी लहरींना पुढे ढकलतात. आता तिथं जाळी नाही, पत्र्याची भिंत झालीय. ती नुसती काढून फेकली, तरी रेडिओ पूर्वीसारखा चालेल. पण हे त्यांना सांगायचं कसं?"

काकूंना आता उमगलं. आपल्याच हातांनी आपण नवऱ्याचे कान बंद केले! हातातलं फडकं त्यांनी किळस आल्यासारखं दूर भिरकावलं.

शेवटी परतणाऱ्या एका बोटीनं वाट वाकडी केली, नवऱ्याची बोट शोधून काढली आणि कर्ण्यातून ओरडून त्यांना मागं फिरवलं. तरी वाटेत वादळानं गाठलंच. बोट धक्क्याला लागली तेव्हा डोलकाठी मोडलेली, आणि नवऱ्याचा हात गळ्यात बांधलेला.

काकू धावल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच नवरा म्हणाला, "रेडिओ बंद पडला तेव्हा कप्तान म्हणाला, ती नवी जाळी उपटून टाक. मी झाकण उघडलं, आणि आतलं निगुतीचं काम बघून लगेच ओळखलं, हे तुझ्या हातचं. म्हटलं, बिघाड दुसरीकडेच असणार. हिच्या हातात खोट निघायची नाही. झाकण परत लावून टाकलं."

काकू त्याच्या चांगल्या हाताला धरून, सगळ्या धक्क्यासमोर हमसून हमसून रडत ओरडल्या, "अहो, फेकून द्यायची होती ना!"